वजन मोजता, पण बाईच्या अंगात उरलंय काय?



बाईच्या तब्येतीचा निकाल हल्ली एका आकड्यावर लागतो. गावात आरोग्य शिबिर भरलं की पहिलं टेबल वजनकाट्याचं. सोयरीक जुळवताना "मुलगी अंगानं कशी आहे" हा प्रश्न ठरलेला. शहरात चौकाचौकात "महिन्यात दहा किलो घटवा" असे बोर्ड. मोजणारे वेगवेगळे असले तरी काटा एकच, आणि त्यावर उभी राहणारी बहुधा बाईच.

मुखेड-कंधारकडून ऊसतोडीला जाणारी बाई चाळीस किलोची भरली की तिला सांगतात, "बाई, जरा खात जा." नांदेडच्या किंवा लातूरच्या एखाद्या गल्लीत राहणारी, दोन लेकरांची आई सत्तर किलोची भरली की तिला सांगतात, "तोंडाला आवर घाल." पहिलीनं काय खावं हे कुणी सांगत नाही, आणि ते आणावं कुठून हे तर नाहीच. दुसरी दिवसभर काय खाते, कधी खाते, कुणाच्या मागून खाते, हे कुणी विचारत नाही. दोघींनाही सल्ला मिळतो आणि दोघींवरही ठपका बसतो. एक हयगय करते, दुसरी खादाड आहे.

आमचं म्हणणं असं आहे की या दोघींची तपासणीच झालेली नाही. तब्येत नुसत्या वजनावर ठरत नाही. ते वजन कशाचं बनलंय, त्यात हाड किती, स्नायू किती, चरबी किती आणि ती चरबी कुठे साठलीय, यावर ती ठरते. आणि हे जे काही अंगात भरलेलं किंवा अंगातून गेलेलं असतं, ते बाईच्या हलगर्जीपणानं नव्हे, तर तिच्या ताटात काय पडतं आणि तिच्या डोक्यावर किती ओझं असतं यानं ठरत असतं. म्हणूनच हा प्रश्न डॉक्टरांवर सोपवून मोकळं होता येणार नाही. तो चळवळीचा प्रश्न आहे.

वजन म्हणजे काय?

पंचावन्न किलोच्या दोन बायका घ्या. एकीचे दंड-मांड्या भरीव, हाडं मजबूत, पोट सपाट. दुसरीचे हातपाय काटकुळे आणि पोट मात्र सुटलेलं. काटा दोघींना एकच आकडा देईल. पण दोघींचं पुढचं आयुष्य सारखं नसेल.

स्नायू म्हणजे पैलवानांची मिजास नव्हे. जेवणानंतर रक्तात आलेल्या साखरेचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे आपले स्नायू. हे गिऱ्हाईकच रोडावलं की साखर रक्तात तशीच फिरत राहते. चरबी ही सगळी वाईट असंही नाही. बाईच्या शरीराला पाळीसाठी, गरोदरपणासाठी, अंगावर पाजण्यासाठी चरबी लागतेच. मांड्यांवरची आणि कमरेखालची चरबी त्या मानानं निरुपद्रवी असते. घात करते ती पोटाच्या आत, यकृताभोवती आणि आतड्यांभोवती साठणारी. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांच्याशी नातं आहे ते तिचं. काट्याला यातलं काहीही दिसत नाही. त्याला हाडाचा किलो आणि चरबीचा किलो सारखाच.

हा आकडा कुणाच्या अंगावर बेतला?

वजन किलोत घ्यायचं आणि मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं. जो आकडा येतो त्याला बॉडी मास इंडेक्स, म्हणजे बीएमआय म्हणतात. १८.५ च्या खाली ती किडकिडीत, २५ च्या वर ती जाड. दवाखान्यापासून विमा कंपनीपर्यंत याच आकड्याचं राज्य आहे.

हा हिशोब मांडला तो १८३० च्या दशकात, बेल्जियममधल्या अडॉल्फ केतले या संख्याशास्त्रज्ञानं. तो डॉक्टर नव्हता. त्याला "सरासरी माणूस" शोधायचा होता, रोगी तपासायचा नव्हता. पुढे १९७२ मध्ये अमेरिकेतल्या अँसेल कीज यांनी या हिशोबाला आजचं नाव दिलं. त्यासाठी त्यांनी पाच देशांतल्या सात हजारांहून अधिक लोकांची मापं घेतली. ते सगळे पुरुष होते. भारत त्या पाच देशांत नव्हता. स्वतः कीज यांनाही हा आकडा लोकसमूहांच्या अभ्यासासाठी हवा होता. तो एकेका माणसाच्या कपाळावर मारायचा शिक्का झाला तो नंतर.

परक्या पुरुषांच्या अंगावर बेतलेला अंगरखा आपल्या बायकांना घालायचा आणि तो बसला नाही की दोष बाईच्या अंगाला द्यायचा, हा अनुभव आपल्याला नवा नाही. मात्र आता शास्त्रज्ञही हे कबूल करू लागले आहेत. आशियाई लोकांमध्ये कमी बीएमआयलाही धोका सुरू होतो, म्हणून २३ वरच सावध व्हावं, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ मध्ये सांगितलं. जानेवारी २०२५ मध्ये लॅन्सेटच्या आंतरराष्ट्रीय आयोगानं तर लठ्ठपणाच्या आजाराचं निदान एकट्या बीएमआयवरून करू नका, असं स्पष्टच म्हटलं.

पुण्याजवळच्या सहा खेड्यांनी काय सांगितलं

याचा सर्वात भक्कम पुरावा परदेशातून आणावा लागत नाही. तो महाराष्ट्रातच आहे. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातल्या सहा खेड्यांत गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. या आयांचं वजन सरासरी ४२ किलोच्या आसपास होतं. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनची बाळं ३.५ किलोची. इथपर्यंत काट्यालाही कळत होतं. पण पट्टी आणि चिमटा लावून मापं घेतली तेव्हा दिसलं की आपल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव फार मागे पडले आहेत, आणि त्वचेखालची चरबी मात्र जवळपास टिकून आहे. म्हणजे दिसायला हडकुळं बाळ, पण आतून चरबीकडे झुकलेलं. मोठेपणी मधुमेहाकडे जाणाऱ्या वाटेची सुरुवात आईच्या पोटातच होते ती अशी.

२००४ मध्ये याज्ञिकांनी स्वतःचाच दाखला छापला. ते आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन, दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. काटा म्हणतो दोघे सारखे. शरीर म्हणतं, दुपटीहून अधिक फरक आहे.

याच अभ्यासातल्या आणखी दोन गोष्टी कार्यकर्त्यांनी पाठ करून ठेवाव्यात अशा आहेत. पहिली, गरोदरपणात ज्या आयांच्या खाण्यात हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध अधिक होतं, त्यांची बाळं अधिक चांगल्या वाढीची होती. नुसत्या पोटभर भाकरीनं ते साधलं नव्हतं. दुसरी, ज्या आया शेतात राबत होत्या, पाणी भरत होत्या आणि घरकामही ओढत होत्या, त्यांच्यात कामाचा भार जितका जास्त, तितकी बाळं लहान. म्हणजे हंड्याचं वजन बाळाच्या वजनातून वजा होतं! हा निष्कर्ष कुठल्या मोर्चातल्या घोषणेचा नाही, मोजमापांचा आहे. पुण्याजवळच्या त्या आईच्या जागी लोह्याची, जळकोटची किंवा औशाची आई ठेवून बघा. २०१६ च्या एप्रिलमध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या जिल्ह्यात हंड्याचा हिशोब कुणाच्या अंगातून वसूल झाला असेल, हे वेगळं सांगायला नको.

काटा म्हणतो सुधारणा, रक्त म्हणतं अधोगती

सरकारी आकडेच बघू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार २०१५-१६ मध्ये महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या २३.५ टक्के बायका किडकिडीत होत्या. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण २०.८ टक्क्यांवर आलं. झाली ना प्रगती? पण याच काळात रक्तपांढरी असलेल्या बायका ४८ टक्क्यांवरून ५४.२ टक्क्यांवर गेल्या. बोटातून थेंब घेऊन तपासण्याच्या पद्धतीवर तज्ज्ञांचे वाद आहेत, ते खुशाल घालावेत. निम्म्याच्या आसपास बायकांच्या अंगात पुरेसं रक्त नाही, हे वास्तव त्यानं बदलत नाही. बायकांचं वजन वाढलं आणि रक्त घटलं. मग वाढलं ते काय?

याच पाहणीत कमरेचा आणि नितंबांचा घेर पहिल्यांदाच मोजला गेला. देशातल्या निम्म्याहून अधिक बायकांच्या बाबतीत हे प्रमाण धोक्याच्या रेषेपलीकडे निघालं, तर बीएमआयच्या हिशोबानं जाड ठरल्या होत्या जेमतेम एक चतुर्थांश. म्हणजे काट्यानं "ठीक आहे" म्हणून घरी पाठवलेल्या कितीतरी बायका ठीक नाहीत.

बारीक माणसाचा मधुमेह तर कागदावरूनच पुसला गेला होता. अर्धपोटी वाढलेल्या, किडकिडीत तरुणांमध्ये दिसणाऱ्या मधुमेहाला जागतिक आरोग्य संघटनेनं १९८५ मध्ये वेगळी जागा दिली, आणि १९९९ मध्ये ती काढून घेतली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातल्या आणि इतर संशोधकांच्या कामामुळे एप्रिल २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघानं त्याला "टाइप ५" म्हणून पुन्हा मान्यता दिली. मधली पंचवीस वर्षं हा गरिबांचा आजार जणू अस्तित्वातच नव्हता.

डाळीच्या बाजारपेठेत पातळ वरण

स्नायू घडतात ते प्रथिनांवर आणि त्यांना दिलेल्या कामावर. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे पंचावन्न किलोच्या बाईला दिवसाला सुमारे ४६ ग्रॅम प्रथिनं लागतात. ज्वारीच्या चार भाकरींचं, म्हणजे अडीचशे-तीनशे ग्रॅम पिठाचं खाणं धरलं तर त्यातून पंचवीस-तीस ग्रॅम मिळतात. उरलेली भरून काढायला सत्तर-ऐंशी ग्रॅम तरी डाळ हवी. ज्वारीतल्या प्रथिनांत जे कमी असतं ते डाळीत असतं, म्हणून भाकरी-वरण ही जोडी आपल्या आज्या-पणज्यांनी जुळवली. पाच माणसांच्या घरात असा हिशोब केला तर महिन्याला दहा-बारा किलो डाळ झाली. मजुरीवर जगणाऱ्या कुठल्या घरात एवढी डाळ शिजते?

लातूर म्हणजे तुरीची आणि सोयाबीनची मोठी बाजारपेठ. डाळ मिलमधून पोती भरून गाड्या देशभर जातात. सोयाबीनचं तेल निघतं आणि प्रथिनांनी भरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्याला आणि निर्यातीला जाते. जिनं सोयाबीन खुरपलं आणि कापलं, तिच्या ताटात मात्र पातळ वरण आणि ठेचा. सोयाबीनच्या आधी याच रानात मूग, उडीद, हुलगा, तीळ, कारळं, अंबाडी निघायची. ती माल म्हणून विकली जायच्या आधी बाईच्या गाडग्या-मडक्यांत शिरायची. नगदी पिकाचा पैसा पुरुषाच्या खात्यात जमा होतो आणि बाईच्या हातातली कडधान्यं गेली ती गेलीच.

२०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानं माणशी पाच किलो धान्याचा हक्क दिला. डाळीचा दिला नाही. सणासुदीला कधी किलोभर डाळ वाटली तर ती मेहरबानी, हक्क नव्हे. शाळेच्या आहारात नोव्हेंबर २०२३ मध्ये अंडं आलं आणि जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारनं त्याचे पैसे बंद केले. २०१५ पासून बैलाच्या मांसावर बंदी आली आणि गरीब दलित-मुस्लिम घरांतलं स्वस्त मांस गेलं. मराठवाड्यातल्या दलितांच्या खाण्याची नोंद शाहू पाटोळे यांनी "अन्न हे अपूर्णब्रह्म" या पुस्तकात केली आहे. तिच्याकडे पाहिलं की कुणाचं अन्न "अन्न" धरलं जातं आणि कुणाचं नाही, हे कळतं. ब-१२ जीवनसत्त्व मुख्यतः दूध, अंडी, मांस, मासे यांतूनच मिळतं. याज्ञिकांच्या अभ्यासात ज्या आयांच्या रक्तात ते कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी मधुमेहाकडे झुकणारी लक्षणं अधिक दिसली. म्हणजे गोळी हातात ठेवून ताट काढून घ्यायचं धोरण पुढच्या पिढीलाही भोवतं.

कष्ट म्हणजे व्यायाम नव्हे

"आमच्या बाया दिवसभर राबतात, त्यांना वेगळा व्यायाम कशाला?" असं म्हणणारे कार्यकर्तेही भेटतात. व्यायामाला पुरेसं अन्न, विश्रांती आणि झोप यांची जोड असते. उपाशीपोटी केलेल्या कष्टात शरीर स्वतःचेच स्नायू जाळतं. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक "कोयता". उचल एकत्र, हिशोब एकत्र, आणि पहाटेचा स्वयंपाक, पाणी, लेकरं मात्र एकटीची. पाळीच्या त्रासानं एक दिवस खाडा पडला तरी मुकादम पैसे कापतो. या जाचातून शेजारच्या बीड जिल्ह्यात काय घडलं ते २०१९ मध्ये उघड झालं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. गर्भाशयाबरोबर बीजांडंही काढली तर ऐन तिशी-पस्तिशीत हाडं झिजायला लागतात. काट्यावर मात्र या बाईचं वजन कमी झालेलं दिसणार नाही, कदाचित वाढलेलंच दिसेल. आणि तिला सल्ला मिळेल, वजन कमी करा.

दुसऱ्या टोकाला आपल्या मुली. "लातूर पॅटर्न"च्या नावानं लातूर-नांदेडच्या होस्टेलांत हजारो पोरी दिवसाचे बारा-चौदा तास बाकावर बसतात. मेसमध्ये पोहे, भात, पातळ आमटी. ग्राउंडवर मुलं. पोरगी बारीक आहे म्हणून आईबाप निश्चिंत, आणि पोरगी आणखी बारीक व्हायच्या नादात रात्रीचं जेवण सोडते. पण हाडांची शिदोरी भरते ती विशी-पंचविशीपर्यंतच. तीच वर्षं आपण तिला बसवून आणि उपाशी ठेवून घालवतो.

बाजार या सगळ्यावर टपलेलाच आहे. उपाशी राहून वजन घटवलं तर जे जातं त्यातला जवळपास पाव हिस्सा चरबी नसतोच, त्यात स्नायूही जातात. मग खाणं पूर्ववत झालं की परत येते ती बहुतेक चरबी. बाई पुन्हा त्याच दुकानाच्या दारात. २०२५ पासून वजन घटवणारी नवी इंजेक्शनंही आपल्याकडे विकायला आली. काही रुग्णांना त्यांचा उपयोग आहे, तो डॉक्टरांच्या देखरेखीखाली. पण त्यांतही स्नायू झडतात, आणि "बारीक व्हा" म्हणून गल्लीबोळात ती खपवली जाणार असतील तर त्याला विरोध करावाच लागेल.

मग काटा फेकून द्यायचा का?

नाही. लहान मुलाचं वजन आणि उंची महिन्याच्या महिन्याला बघितलीच पाहिजे. गरोदर बाईचं वजन वाढत नसेल तर ती धोक्याची घंटा आहे. कारण नसताना कुणाचं वजन झपाट्यानं उतरलं तर क्षयरोगापासून मधुमेहापर्यंत तपासण्या व्हायलाच हव्यात. आमचं भांडण काट्याशी नाही. काट्यावर तपासणी संपवणाऱ्यांशी आहे.

आणि कमरेची पट्टी हा बाईला हिणवायचा नवा चाबूक होणार असेल तर तीही नको. ती आपल्या हातात हवी. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून मापायचं. बाईच्या बाबतीत ८० सेंटिमीटरच्या वर गेलं तर रक्तातली साखर आणि रक्तदाब तपासून घ्यायचा. चाळिशी-पन्नाशीच्या पुढच्या बायकांनी हात छातीशी बांधून खुर्चीवरून पाच वेळा उठून-बसून बघावं. बारा सेकंदांहून जास्त लागत असतील तर पायांतली ताकद कमी होतेय असं समजावं. एक पट्टी, एक खुर्ची आणि एक घड्याळ. बचत गटाच्या बैठकीत हे अर्ध्या तासात होतं. आकडे वहीत लिहायचे, पण भिंतीवर लावायचे नाहीत.

ताकद कमवायची तर वयाची अडचण नाही. साठीतही स्नायू वाढतात. भिंतीला हात लावून जोर, बैठका, पाण्याच्या भरल्या बाटल्या उचलणं, आठवड्यातून दोन-तीनदा, पोटात अन्न असताना. पण "व्यायाम करा" हा सल्ला नुसता बाईच्या गळ्यात घालून भागणार नाही. तिला तेवढा वेळ मिळायचा तर घरातलं पाणी, चूल आणि भांडी दुसऱ्या कुणीतरी उचलली पाहिजेत. तो दुसरा कुणीतरी घरातच असतो.

आपल्या मागण्या

१. रेशनवर माणशी डाळ आणि तेल कायद्यानं मिळालं पाहिजे. मराठवाड्यात ज्वारी मिळाली पाहिजे.

२. शाळेत आणि अंगणवाडीत अंड्याचे पैसे सरकारनं द्यावेत. जी मुलं खात नाहीत त्यांना तेवढ्याच मोलाचा दुसरा आहार द्यावा. काहींच्या सोवळ्यापायी बाकीच्यांचं ताट रिकामं ठेवू नये.

३. सरकारी शिबिरांत वजनाबरोबर कमरेचा घेर, हिमोग्लोबिन, साखर आणि रक्तदाब या तपासण्या बारीक बायकांच्याही झाल्या पाहिजेत.

४. ऊसतोड बायकांना गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर पगारी विश्रांती मिळावी, आणि खाड्याचा दंड बंद व्हावा.

५. मुलींच्या होस्टेलांत रोज डाळ, दूध किंवा अंडं, आणि रोज एक तास ग्राउंड मुलींसाठी राखीव असावं.

गटांनी आपल्यापुरतं आजच सुरू करण्यासारखंही काही आहे. किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबाद भागात उभ्या राहिलेल्या स्वयं शिक्षण प्रयोगाच्या बायकांनी घरच्या जमिनीतला एकेक एकर आपल्या ताब्यात मागून घेतला. तिथे नगदी पिकाऐवजी कडधान्यं आणि भाजीपाला घेतला. काय पेरायचं हे बाई ठरवते तेव्हा ताटात काय पडेल हेही बदलतं. ज्यांना जमीन नाही त्यांनी ग्रामसभेत डाळीचा आणि अंड्याचा ठराव मांडावा. आणि प्रत्येक घरात एक साधा नियम, शिजलेल्या डाळीची वाटी आधी सगळ्यांच्या ताटांत सारखी, मग कुणाला हवी तर दुसऱ्यांदा. बाईनं शेवटी बसून खरवडलेल्या पातेल्यावर भागवायचं, हा रिवाज मोडायला कुणाच्या परवानगीची गरज नाही.

पुढच्या वेळी कुणी "तुमचं वजन किती" असं विचारलं, तर आकडा सांगा. आणि लगेच उलट विचारा, "आमच्या रक्ताचं, हाडांचं, ताकदीचं काय? ते कधी मोजणार? आणि कमी निघालं तर भरून कोण देणार?"